वरची जोडी

पोकरच्या इतिहासातले दोन डाव जाणकार नेहमी वेगवेगळ्या कारणांसाठी सांगतात. १९८८ चा सापळ्यासाठी, २००३ चा हुलीसाठी. दोन्ही 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर'च्या मुख्य स्पर्धेतले, दोन्ही लास वेगासच्या बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोतले, आणि दोन्ही वेळी टेबलावर शेवटचे दोनच खेळाडू उरलेले. हे डाव शेजारी ठेवून वाचले, की एक गोष्ट लक्षात येते. दोन्हींत हरणाऱ्याच्या हाती सारखाच ऐवज होता: टेबलावर उघड्या पडलेल्या सगळ्यांत मोठ्या पानाशी जुळलेली जोडी. एकाने त्या जोडीच्या भरवशावर होते नव्हते ते सगळे पुढे सरकवले आणि तो बुडाला. दुसऱ्याने तशीच जोडी टाकून दिली आणि तोही फसला.

पानांची किंमत ठरलेली असेल, तर एकाच हातासाठी दोन उलट निर्णय घेणारे दोघेही कसे चुकतात? टेक्सस होल्डेम या पोकरच्या प्रकाराची सगळी गोडी या प्रश्नात आहे. त्यातली पाने म्हणजे निमित्त. अर्थ तयार होतो तो पैसे लावण्यातून, आणि तो सारखा बदलत राहतो.

आधी मांडणी पाहू. प्रत्येकाला दोन पाने पालथी मिळतात. ती ज्याची त्यालाच दिसतात. मग मधोमध पाच पाने उघडी मांडली जातात, ती सगळ्यांची. या सातांतली कोणतीही पाच निवडायची. ज्याचा संच सगळ्यांत भारी, त्याचा पॉट, म्हणजे डावात लागलेले सगळे पैसे. उघडी पाने एकदम येत नाहीत. आधी तीन एकत्र येतात, त्यांना फ्लॉप म्हणतात. मग एक, ते टर्न. शेवटी आणखी एक, ते रिव्हर. हातात दोन पाने आल्यावर एकदा आणि या तीन टप्प्यांनंतर एकेकदा, अशा चार फेऱ्यांत पैसे लागतात.

संचांची उतरंड वरून खाली अशी: एकाच रंगाची सलग पाच पाने म्हणजे स्ट्रेट फ्लश, चार सारखी, तीन सारखी अधिक एक जोडी म्हणजे फुल हाउस, एका रंगाची कोणतीही पाच म्हणजे फ्लश, कोणत्याही रंगांची सलग पाच म्हणजे स्ट्रेट, तीन सारखी, दोन जोड्या, एक जोडी, आणि काहीच जमले नाही तर नुसते मोठे पान.

दिवाळीत तीन पत्ती खेळणाऱ्याला इथे पहिली ठेच लागते. तिकडे सिक्वेन्स कलरवर मात करतो, इकडे फ्लश स्ट्रेटवर. यामागे निव्वळ मोजणी आहे. तीन पानांचे एकूण २२,१०० संच होतात. त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. पाच पानांचे संच २५,९८,९६०. त्यांत स्ट्रेट १०,२०० आणि फ्लश ५,१०८. जे दुर्मीळ ते भारी, एवढाच दोन्हीकडचा न्याय.

होल्डेमने ही उतरंड पाच पानांच्या जुन्या पोकरकडून आहे तशी उचलली. पण इथे निवड सात पानांतून होते, त्यामुळे एक मजेशीर उलथापालथ झाली. सातही पाने आल्यावर एकच जोडी हाती राहण्याची शक्यता साधारण ४४ टक्के, दोन जोड्यांची २३ टक्क्यांच्या वर, आणि काहीही न जमण्याची १७ टक्के. म्हणजे रिकामा हात जोडीपेक्षा दुर्मीळ, तरी त्याला किंमत नाही. आणि जोडी म्हणजे या खेळातला मध्यमवर्ग: सगळीकडे दिसणारी, अगदीच गरीब नाही, पण मोठ्या व्यवहारात कायम धास्तावलेली. आपल्या दोन डावांतले दोघे हरणारे याच वर्गातले होते.

आता पैशाचे व्याकरण. पाने वाटायच्या आधीच दोन जागांवरच्या खेळाडूंना ठरलेली रक्कम टाकावी लागते, एकाला लहान आणि पुढच्याला तिच्या साधारण दुप्पट. त्यांना ब्लाइंड म्हणतात. हा जुलूम नसता तर प्रत्येक जण दोन एक्के येईपर्यंत हात टाकत बसला असता, आणि हाती दोन एक्के २२१ वाटपांत सरासरी एकदाच येतात. आपली पाळी आली की पर्याय मोजके. कोणी पैसे लावले नसतील तर 'चेक' म्हणून गप्प राहायचे किंवा आपण लावायचे. कोणी लावले असतील तर तेवढे भरून 'कॉल' करायचे, वाढवून 'रेज' करायचे, नाहीतर 'फोल्ड' म्हणत पाने टाकायची आणि लावलेल्या पैशावर पाणी सोडायचे. नो-लिमिट प्रकारात कोणत्याही पाळीला समोरच्या सगळ्या चिप्स लावता येतात, तो 'ऑल-इन'. मात्र डाव सुरू होताना टेबलावर होत्या तेवढ्याच चिप्स. खिशातून नवे पैसे काढून समोरच्याला दाबून टाकता येत नाही.

सांगायला हे चार ओळींचे काम आहे. पण टप्प्यांचा क्रम पाहावा: तीन, एक, एक. फ्लॉपला चित्र एकदम उभे राहते. हातातली दोन आणि टेबलावरची तीन मिळून पाच पाने झाली, संच पुरा झाला. पुढची दोन पाने एकेक करून येतात आणि त्या चित्राला धक्का देतात किंवा देत नाहीत. माहिती सुरुवातीला भरभर येते आणि मग हळू होते. पैसे मात्र उलटे चालतात, फेरीगणिक वाढत जातात. जेव्हा थोडेच कळते तेव्हा किंमत थोडी, आणि जेव्हा जवळजवळ सगळे कळलेले असते तेव्हा राहिलेल्या अंधाराची किंमत सगळ्यांत जास्त. नाटककाराने अंक बांधावेत तशी ही बांधणी आहे, आणि ती कोणा एका लेखकाची नाही. टेक्सस राज्याचे विधिमंडळ या खेळाचे जन्मस्थान म्हणून रॉब्सटाउन या गावाला मान देते आणि काळ विसाव्या शतकाच्या आरंभीचा धरते. टेक्ससच्या जुगाऱ्यांनी १९६० च्या दशकात तो लास वेगासला नेला. १९७० मध्ये बेनी बिनियन यांच्या हॉर्सशूमध्ये वर्ल्ड सिरीज सुरू झाली आणि नो-लिमिट होल्डेम तिचा मुख्य खेळ झाला.

सामायिक पानांचा आणखी एक गुण. सात पानांच्या स्टड पोकरमध्ये आठ जण शेवटपर्यंत टिकले तर ५६ पाने लागतील आणि जोडात असतात ५२. होल्डेमला दहा जणांसाठीही पंचवीसच पुरतात. पण खरा फायदा संख्येचा नाही. जे पान मला मदत करते ते तुलाही करत असेल, ही शंका प्रत्येक उघड्या पानासोबत टेबलावर येते. तीन पत्तीत समोरच्याचा हात पूर्ण अंधारात असतो. तिथे छातीठोकपणा मोठा. होल्डेममध्ये पाच सप्तमांश गोष्ट सगळ्यांसमोर उघडी असते आणि वाद फक्त उरलेल्या दोन पानांचा. म्हणून इथे छातीठोकपणापेक्षा तर्काला जास्त जागा आहे.

पहिला डाव पाहू. १९८८ ची स्पर्धा, १६७ खेळाडू, प्रत्येकाचे प्रवेशमूल्य १०,००० डॉलर. एका बाजूला आदल्या वर्षीचा विजेता जॉनी चॅन. समोर एरिक सायडेल, न्यूयॉर्कचा बॅकगॅमन खेळाडू, या स्पर्धेत नवखा. चॅनकडे किलवरचा गुलाम आणि किलवरची नव्वी. सायडेलकडे किलवरची राणी आणि बदामची सत्ती. फ्लॉप आला: इस्पिकची राणी, चौकटची अठ्ठी, बदामची दश्शी.

सायडेलची राणी जुळली. टेबलावर तिच्याहून मोठे पान नाही. पण या तीन पानांवर गुलाम-नव्वी म्हणजे अठ्ठीपासून राणीपर्यंत सलग पाच, आणि त्याहून भारी हात त्या घटकेला अस्तित्वातच नव्हता. पुढे इस्पिकची दुर्री आली, मग चौकटची छक्की. तरीही नव्हता. पानांपुरता डाव फ्लॉपलाच संपला होता. उरला होता तो सगळा पैशाचा डाव.

चॅनची करामत इतकीच, की त्याने आपली ताकद बोलून दाखवली नाही. दश्शी, अठ्ठी आणि राणी अशी जवळजवळची पाने टेबलावर असताना भारी हातवाला सहसा जोरात पैसे लावतो, कारण पुढचे एखादे पान समोरच्याचे नशीब उघडू शकते. हा नियम सायडेललाही ठाऊक होता, आणि म्हणूनच शांतता त्याला दुबळेपणा वाटली. रिव्हर आल्यावर त्याने सगळ्या चिप्स पुढे केल्या. चॅनने भरल्या. सात लाख डॉलर आणि सलग दुसरे अजिंक्यपद. पुढे १९९८ च्या 'राउंडर्स' या चित्रपटात नायक हाच डाव पुन्हा पुन्हा पाहतो, तेव्हापासून तो पोकर न खेळणाऱ्यांनाही माहीत झाला.

रसिकाने इथे विजेत्याबरोबर हरणाऱ्याची शेवटची चालही तपासावी. राणीची जोडी आणि शेजारी सत्ती असताना सगळे लावून सायडेलला काय मिळणार होते? त्याच्याहून हलके हात घाबरून पाने टाकणार, त्याच्याहून भारी हात आनंदाने पैसे भरणार. म्हणजे जिंकला तर थोडे आणि हरला तर सगळे. मधल्या हाताने मोठ्या आवाजात बोलू नये, हा धडा या डावाइतका स्वच्छ दुसरीकडे मिळत नाही. सायडेल मात्र या एका हातापुरता राहिला नाही; पुढच्या दशकांत त्याने वर्ल्ड सिरीजची दहा विजेतेपदाची ब्रेसलेट मिळवली, चॅनइतकीच.

दुसरा डाव पंधरा वर्षांनंतरचा. ख्रिस मनीमेकर, टेनेसी राज्यातला हिशेबनीस, ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून आलेला. समोर सॅम फारहा, मुरलेला व्यावसायिक. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती, फारहाकडे इस्पिकची राणी आणि बदामची नव्वी. फ्लॉप: इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की. फारहाची नव्वी जुळली आणि टेबलावरचे सगळ्यांत मोठे पान तेच. पुन्हा वरची जोडी.

टर्नला इस्पिकची अठ्ठी आली आणि डाव पेटला. टेबलावर इस्पिकची तीन पाने झाली. फारहाने पैसे लावले, मनीमेकरने वाढवले, फारहाने भरले. या घटकेला मनीमेकर मागे होता, पण त्याचा हात अगदीच रिकामा नव्हता. कोणतेही इस्पिक आले की राजाचा फ्लश. कोणतीही पंजी किंवा दश्शी आली की स्ट्रेट. राजा आला तर मोठी जोडी. मोजून पाहावे. इस्पिकची उरलेली आठ पाने, इस्पिकेतर पंज्या-दश्श्या सहा, राजे तीन. न दिसलेल्या ४४ पानांपैकी सतरा त्याच्या बाजूची, म्हणजे जवळजवळ ३९ टक्के. अशा हाताने वाढवणे म्हणजे दोन दरवाजे उघडे ठेवणे: समोरचा घाबरला तर आत्ताच जिंकायचे, नाही घाबरला तर रिव्हरवर भरवसा.

रिव्हरला बदामची तिर्री आली. दोन्ही दरवाजे बंद. मनीमेकरच्या हाती राजा सोडून काहीच उरले नाही. फारहाने चेक केले, आणि मनीमेकरने सगळ्या चिप्स लावल्या.

ही हूल देखणी का आहे? धाडस आहे म्हणून नाही. तसे धाडस हरघडी कोणी ना कोणी करतो. ती देखणी आहे कारण तिची गोष्ट सुसंगत आहे. तिसरे इस्पिक पडताच मनीमेकरने वाढवले, म्हणजे 'माझा फ्लश झाला' असे सांगितले. रिव्हरला निरुपयोगी पान आले, तेव्हा फ्लशवाल्याने जे केले असते तेच त्याने केले. त्यात इस्पिकचा राजा त्याच्याच हातात. फारहाकडे राजाचा फ्लश असणे शक्य नाही, हे त्याला पक्के ठाऊक. फारहाने बराच वेळ विचार केला, मनीमेकरचा फ्लश चुकला असावा असा अंदाज बोलूनही दाखवला, म्हणजे उत्तर त्याच्या ओठांवर होते. आणि त्याने नव्वीची जोडी टाकली. पुढे मनीमेकर जिंकला, पंचवीस लाख डॉलर घेऊन गेला, आणि स्पर्धकांची संख्या त्या वर्षीच्या ८३९ वरून पुढच्या वर्षी २,५७६ झाली.

या डावाचा आस्वाद आपल्याला घेता येतो तो हेन्री ऑरेनस्टीन यांच्यामुळे. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या या गृहस्थांनी खेळाडूंची पालथी पाने दाखवणाऱ्या टेबलाचे पेटंट घेतले. त्याआधी दूरचित्रवाणीवर पोकर पाहणे म्हणजे गप्प बसलेली माणसे पाहणे होते. आता प्रेक्षकाला फारहाची नव्वी आणि मनीमेकरचा रिकामा हात एकाच वेळी दिसतो. आपल्याला सत्य माहीत आणि पात्राला नाही, ही नाटकातली जुनी ओढ पोकरला कॅमेऱ्याने मिळवून दिली.

पण चेहरे वाचणे हाच पोकरचा गाभा आहे, हा सिनेमाने पसरवलेला समज तपासून घ्यावा. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांनी १९४४ च्या ग्रंथात पोकरचे एक सोपे गणिती रूप मांडून दाखवले, की हूल हा स्वभावदोष नसून चांगल्या डावपेचाचा आवश्यक भाग आहे. रिव्हरवर पॉटमध्ये १०० आहेत आणि मी १०० लावले. समोरच्याला १०० भरून २०० जिंकायचे आहेत; तीनांत एकदा तो बरोबर ठरला तरी त्याचे नुकसान नाही. म्हणून असे तीनदा लावताना माझा हात दोनदा खरा आणि एकदा खोटा असावा. सगळेच खरे असले तर समोरचा प्रत्येक वेळी पाने टाकेल आणि माझ्या भारी हाताला कोणी पैसे देणार नाही. खोट्याच्या आधारावर खऱ्याला भाव मिळतो. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या संगणक कार्यक्रमाने चार व्यावसायिकांना १,२०,००० डावांच्या सामन्यात हरवले. त्याला चेहरा दिसत नव्हता, पण तो हूल देत होता, आणि प्रमाणात देत होता.

आता वरच्या जोडीकडे पुन्हा पाहावे. ती हुलीवर मात करते आणि खऱ्या हातापुढे हरते. म्हणजे तिच्या मालकाने आपल्या पानांकडे टक लावून उत्तर मिळणार नाही. समोरचा किती वेळा खोटे बोलतो आणि त्याने आतापर्यंत सांगितलेली गोष्ट जुळते का, हेच पाहावे लागते. सायडेलने गप्पपणाचा अर्थ चुकीचा लावला, फारहाने बोलण्याचा.

खेळाचे दोषही सांगायला हवेत. चांगला खेळाडू बहुतेक हात फ्लॉपच्या आधीच टाकतो; त्यामुळे तासनतास काही घडत नाही. आणि नशीब पुसून टाकता येत नाही. दोन एक्केसुद्धा एका अनोळखी हाताविरुद्ध शंभरात पंधराएक वेळा हरतात. डॉयल ब्रन्सन यांनी १९७६ आणि १९७७ ची अजिंक्यपदे दश्शी-दुर्री या फालतू हाताने, दोन्ही वेळा रिव्हरवर फुल हाउस पुरे करून मिळवली. एका डावात नशीब राज्य करते, हजारो डावांत हिशेब. पण हजारो डाव खेळेपर्यंत पैसे टिकावे लागतात, आणि कॅसिनो प्रत्येक पॉटमधून आपला वाटा काढून घेतो, हे मांडवीतल्या तरंगत्या कॅसिनोत बसणाऱ्याने विसरू नये. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर तर भारतात २०२५ च्या कायद्याने बंदीच घातली आहे.

तरी होल्डेम पैशाशिवाय शिकता येतो, आणि शिकावा. सगळ्यांना सारख्या चिप्स वाटा, त्यांना रुपयांचा भाव देऊ नका, ब्लाइंड दर अर्ध्या तासाने दुप्पट करा आणि एकाकडे सगळ्या चिप्स जाईपर्यंत खेळा. चिप्स संपल्या की माणूस खेळातून बाद. एवढी जोखीम हूल खरी वाटायला पुरते. सुरुवातीला आपली पाने कमी पाहा आणि समोरच्याने कोणत्या फेरीत काय केले ते जास्त लक्षात ठेवा. आणि वरची जोडी हातात असताना कोणी सगळे पुढे सरकवले, तर भरण्याआधी वा टाकण्याआधी त्याची गोष्ट पहिल्या फेरीपासून मनात एकदा वाचून काढा.